पर्पेच्युआच्या डोक्यातला दुष्काळ

कास्मीर डिमेलो बायकोला उपाशी ठेवतो, ही बातमी वाडीत पसरायला फारसा वेळ लागला नाही. ठाकूरद्वारच्या मागची ती वाडी एवढी दाटीची, की एका घरात फोडणी पडली की चौथ्या घरातल्या माणसाला शिंक येते. शिवाय पुरावा उघड्यावर होता. कास्मीरच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात दोन वस्तू असत, मरियामातेचं पदक आणि एक किल्ली. पदकं वाडीत पुष्कळांच्या गळ्यात होती. किल्ली फक्त त्याच्या. स्वयंपाकघरातलं कपाट त्या किल्लीने उघडायचं आणि फ्रिजही. फ्रिजच्या दाराला त्याने कडी मारून घेतली होती, आणि एकाच किल्लीची दोन कुलुपं मुद्दाम मागून आणली होती.

कुलपांशी त्याचा संबंध जुना. फोर्टातल्या एका बँकेत त्याने नोकरीचा सगळा काळ लॉकरवर काढला. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची. एकट्याला तो उघडत नाही. कास्मीर आपली किल्ली फिरवायचा आणि पाठ फिरवून बाहेर उभा राहायचा. आत कोण काय मोजतंय, कोण कशाला हात लावून रडतंय, हे त्याने कधी वळून पाहिलं नाही. निरोपसमारंभात मॅनेजर म्हणाले, असा विश्वासू माणूस बँकेला पुन्हा मिळायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मिळाला.

पर्पेच्युआला वाडी ओळखायची ती फुग्यांवरून. मैदा, अंडी आणि नारळाचं दूध घालून पीठ आंबवायचं आणि त्याचा गोळा मुठीतून असा पिळून तेलात सोडायचा, की तो फुगून आपला आपण पालथा होतो. असे फुगे करणाऱ्या बायका गिरगावात आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. लग्न असो, नामकरण असो, पर्पेच्युआची कढई आधी पोचायची. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती उरलेलं खायची, आणि उरलं नाही तर चहा प्यायची. जेवताना तिचा एक ठरलेला शब्द होता. ताटात अर्धं वाढून होतंय तोवर तिचा हात आडवा यायचा.

"पुरे रे कास्मीर. मी काय हत्ती आहे?"

लेंटचा उपासकाळ आला की ती साखर सोडायची, शुक्रवारी एकाच वेळी जेवायची, आणि दुसऱ्याने उपास केला नाही म्हणून त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघायचीसुद्धा नाही. कास्मीर त्या दुसऱ्यांपैकी होता.

वाडीत ताटांची ये-जा असे. गणपतीत खालून मोदक वर जायचे, नाताळात वरून नेवऱ्या आणि गूळ-नारळाचा दोदोल खाली यायचे. ताट रिकामं परत पाठवायचं नाही हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, म्हणूनच बहुधा तो पाळला जायचा. सगळ्यात जास्त ताटं फिरली ती डिमेलोंच्या आणि समोरच्या घरातल्या कालिंदी वैद्य यांच्यात. कालिंदीबाई महापालिकेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आपल्याकडची ताटं कुठली आणि पर्पेच्युआची कुठली, हे त्यांना आताशा सांगता आलं नसतं.

मग पर्पेच्युआला बाजूचं दिसेनासं झालं. ती दाराच्या चौकटीला खांदे आपटू लागली. चष्मा बदलून झाला. एकदा तिने फुगा कढईत सोडायच्या ऐवजी कढईच्या बाजूला, थेट गॅसवर सोडला, आणि जळका वास आल्यावर हसत सुटली. कास्मीर हसला नाही. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मेंदूच्या तळाशी गाठ होती. साधी गाठ, कॅन्सर नव्हे. 'साधी' या शब्दावर कास्मीरने वाडीत पेढे वाटले. गाठ खरोखरच साधी होती. तिने निवडलेली जागा साधी नव्हती.

ऑपरेशन झालं, नजर वाचली, आणि पर्पेच्युआने शुद्धीवर आल्यावर खायला मागितलं. सगळ्यांना आनंद झाला. भूक लागतेय म्हणजे माणूस बरं होतंय. वाडीने ताटांची रांग लावली. ती सगळं संपवायची आणि पुन्हा मागायची. पावाची अख्खी लादी खाऊन झाल्यावर विचारायची, "आज जेवायचं नाही का?" एकदा कास्मीर मिठाच्या पुड्या घेऊन परत आला, तर ती डब्यातलं कोरडं बेसन मुठीने खात होती. तोंड पिवळं, डोळ्यांत पाणी. "मला थांबता येत नाही रे," ती म्हणाली, आणि बोलता बोलता आणखी एक मूठ भरली.

त्यात ती गार पडायची. मे महिन्यात वाडीतले लोक दारात बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायचे, आणि ही स्वेटर घालून बसायची; हात माठाला लावून आल्यासारखे. उलट ऑक्टोबरच्या एका दुपारी पत्रा तापला तशी तीही तापली, आणि अंगावर घामाचा टिपूस नाही. खोलीत जे हवामान, तेच तिच्या अंगात.

परळचे डॉक्टर राजाध्यक्ष वयाने लहान होते, आणि समजावून सांगायची त्यांना अजून हौस होती.

"डिमेलो, अंगातली ऊब कुठून येते?"

"रक्तातून?"

"जेवणातून. खाल्लेलं जळतं, त्याची ऊब. म्हणून चूल बघणारा आणि कोठार बघणारा, या दोघांना मेंदूने शेजारी शेजारी बसवलंय. बदामाएवढी जागा आहे, हायपोथॅलॅमस म्हणतात. कोठारात कमी पडलं की चूलवाला आच मंद करतो. उपाशी माणसाचे हात गार लागतात ना, ते म्हणून. बाहेर थंडी पडली की तो शेजाऱ्याला सांगतो, जास्त मागव. जंतू शिरले की आच मोठी करायची, म्हणजे ताप आणायचा, तो हुकूमही तिथूनच सुटतो. गाठ नेमकी या दोघांच्या टेबलावर बसली होती."

"मग आता गाठ तर काढली."

"काढली. टेबलाला धक्का लागायचा तो लागला. अंगात साठा भरपूर आहे, चरबी तसा निरोपही पाठवतेय, पण तो घेणारा जागेवर नाही. मेंदूला वाटतंय बाहेर दुष्काळ पडलाय. म्हणून एकीकडून भूक, भूक. आणि दुसरीकडून आच मंद, जपून वापरा. त्या खातात दुष्काळातल्या माणसासारखं आणि जाळतातही दुष्काळातल्या माणसासारखंच. वजन वाढणार, थंडीही वाजणार."

कास्मीरने ते आपल्या भाषेत मांडून पाहिलं. "म्हणजे लॉकर भरलेला आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आणि बँकेची किल्ली हरवली."

"असंच काहीसं."

आता डॉक्टर लॉकर फोडायचा उपाय सांगतील, असं त्याला वाटलं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या खाण्याला कुलूप लावा. वजन असंच वाढलं तर हृदय पुरणार नाही. गोळ्या लिहून दिल्या, वेळा लिहून दिल्या, आणि कास्मीर उठत असताना म्हणाले, "अंगाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका हं. यांचा थर्मामीटर फसवणार." कास्मीरने मान डोलावली. आकडा वाईट आला तर घाबरायचं नाही, असा त्याने त्याचा अर्थ घेतला. आकडा चांगला आला तरीही विश्वास ठेवायचा नाही, हे त्याच वाक्यात होतं. पण चांगल्या आकड्यावर संशय घ्यायला माणूस बँकेच्या हिशेबतपासणी खात्यात असावा लागतो.

त्या दिवसापासून बदामाची नोकरी कास्मीरने पत्करली. कधी जेवायचं, किती जेवायचं, पंखा कधी लावायचा, शाल कधी ओढायची, पाणी कधी शिंपडायचं, हे देवाने माणसाच्या आत न बोलता चालू ठेवलेलं काम तो बाहेरून बोलून बोलून करू लागला. जमत होतं असं नाही. बदामाला बायकोचं रडणं ऐकू येत नसतं.

"पर्पू, तुझी भूक खोटं बोलते. भुकेला विचारू नकोस. घड्याळाला विचार."

"घड्याळाला पोट आहे का रे?"

"नाही. म्हणूनच ते खरं बोलतं."

"बँकेतल्या बायकांना मेली सगळी कपाटं उघडून द्यायचास. घरच्या बाईलाच कुलूप?"

रागाच्या भरात ती त्याच्या गळ्यातला दोरा धरून ओढायची, आणि मग दमून त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून रडायची. सगळ्यात वाईट हे, की रडून झाल्यावर ती जुन्या पर्पेच्युआसारखी शहाणी बोलायची. "तू बरोबर करतोयस. मला कळतं. मला देऊ नकोस हं." आणि मग, त्याच आवाजात, "एकच बिस्किट दे."

कुलूप असूनही वजन वाढत होतं. कास्मीर चक्रावला. एकदा तो मासळी आणायला निघाला आणि पिशवी विसरली म्हणून कोपऱ्यावरून परत फिरला. वर सज्जात पर्पेच्युआ ओणवी उभी होती. हातात दोरी, दोरीला टोपली. भाजीवाल्यासाठी सोडतात तशी. खाली कालिंदीबाई टाचा उंचावून टोपलीत काहीतरी ठेवत होत्या. कास्मीरने टोपली अर्ध्यावर धरली.

"कालिंदीबाई, हे काय?"

"पुरणपोळी. तुम्हाला काय वाटलं, गांजा?"

"तिला द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं मी."

"आणि तिने सांगितलं, पाया पडते पण दे. कुणाचं ऐकू? ज्या बाईने मला वर्षानुवर्षं वाढलं तिला नाही म्हणू? माझ्या सासूचीही भूक म्हातारपणी वाढली होती, आम्ही नाही कुलूप लावलं. तुम्ही मारताय तिला."

"मी?"

"मग काय मी? किल्ली तुमच्या गळ्यात आहे."

वरून पर्पेच्युआ म्हणाली, "भांडू नका रे. ती गार होतेय."

पोळी अजून गरम होती. कास्मीरने ती टोपलीतून काढून घेतली. टोपलीचं वजन गेलं तशी वरची दोरी सैल पडली, आणि पर्पेच्युआने ती हळूहळू रिकामीच ओढून घेतली. त्याने मान वर केली नाही. ही सवय त्याला होती.

नाताळ जवळ आला तेव्हा तो नवा शर्ट घालून घरोघर गेला. आमच्याकडे यंदा ताट पाठवू नका, आमच्याकडूनही येणार नाही. गठ्ठ्यातून पत्रिका वाटाव्यात तसं तेच वाक्य त्याने प्रत्येक दारात ठेवलं. लोक म्हणाले, बरं. दुखावलेला माणूस आज्ञा फार काटेकोर पाळतो. एकही ताट आलं नाही.

नाताळच्या दिवशी पर्पेच्युआ लोकरीची शाल गुंडाळून सज्जात बसली. खालून क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली ताटं या दारातून त्या दारात जात होती. तिने त्यांतली बहुतेक ताटं ओळखली. काही तिचीच होती.

"आपलं चुकलं का रे कुणाशी?"

"नाही."

"मग विसरले?"

"हो," कास्मीर म्हणाला. "विसरले असतील."

संध्याकाळी कालिंदीबाई आल्या. हात मोकळे. टोपलीच्या भांडणानंतर त्या कुणाला तरी विचारून आल्या होत्या, त्यांच्या भाच्याची ओळख एका डॉक्टरशी होती. कास्मीरने सांगितलं ते खरं निघालं याचा त्यांना थोडा रागही होता. त्यांनी पदराखालून विणलेली टोपी काढली.

"पोटाला नाही आणलं काही. डोक्याला आणलंय. बिघाड तिथेच आहे म्हणता ना?"

पर्पेच्युआने टोपी घातली. तिघं जण चहा प्यायली, बिनसाखरेचा. तो नाताळ तसा बरा गेला.

लेंट लागला, त्यानंतरच्या एका शुक्रवारची गोष्ट. पर्पेच्युआला बारीक खोकला होता, गिरगावात मेट्रो आल्यापासूनची धूळ म्हणून कुणी फार मनावर घेतला नव्हता. कास्मीरने थर्मामीटर लावला. तिचा आकडा कायम खाली असायचा. आज तो चक्क तुमच्याआमच्यासारखा होता, नॉर्मल. त्याने थर्मामीटर खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. इतक्या दिवसांच्या नोकरीत पहिल्यांदाच आकडा बरोबर आला होता.

संध्याकाळी त्याने कुलूप उघडून तिचं ताट वाढलं. दुधीची भाजी, मूगडाळ, एक चपाती. तिने दोन घास घेतले आणि थांबली. त्याने वाटी पुढे सरकवली. तिचा हात आडवा आला.

"पुरे."

कास्मीर तसाच बसून राहिला. हात तोच होता, तोच कोन, तोच अंगठा आत दुमडलेला.

"नको?"

"तू खा."

"लेंट म्हणून?"

तिने डोळे मिटले, आणि हळूच म्हणाली, "शुक्रवार ना आज."

असं कोण म्हणायचं, ते त्याला ठाऊक होतं. जी बाई परळला ऑपरेशनच्या टेबलावर गेली आणि तिथून कधी परतच आली नाही, ती आता आपल्या पायांनी घरी आली होती, शुक्रवार बघून. तो सज्जात धावला. समोर कालिंदीबाई तुळशीशी दिवा लावत होत्या.

"कालिंदीबाई! पुरे म्हणाली!"

"काय सांगता!"

"ताट सरकवलं! उपास केला तिने!"

"थांबा, देवापुढे साखर ठेवते," कालिंदीबाई म्हणाल्या, आणि दिवा तसाच ठेवून आत पळाल्या.

कास्मीर परत येऊन बसला. बायकोचं उरलेलं अन्न टाकायचं नाही म्हणून त्याने ते खाल्लं. खरं म्हणजे त्याला भूक लागली होती. इतके महिने तिच्यासमोर जेवताना त्याचा घास घशाखाली उतरत नव्हता. आज दुधीसुद्धा गोड लागला. त्याने गळ्यातली किल्ली काढून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. पर्पेच्युआ टोपी घालून लवकर झोपली. तिचं अंग कोमट होतं, नेहमीसारखं गार नव्हे. त्यालाही त्याने बरंच म्हटलं.

सकाळी तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि ओठ जांभळे पडले होते. टॅक्सी परळला पोचेपर्यंत ती एकदाही काही मागायला उठली नाही. न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंनी. रविवारी, चर्चची घंटा होते त्या सुमाराला, ती गेली.

डॉक्टर राजाध्यक्ष कॉरिडॉरमध्ये त्याच्याशेजारी बाकावर बसले. उभं राहून सांगता आलं असतं, पण ते बसले.

"ताप नव्हता," कास्मीर म्हणाला. "मी बघितला होता. नॉर्मल होता."

"त्यांच्यासाठी तो ताप होता. एरवी खाली असायच्या ना. त्यांच्या मेंदूला जेवढी आच वाढवता येत होती, तेवढी त्याने वाढवली."

"आणि भूक? भूक गेली, मला वाटलं..." त्याला काय वाटलं ते त्याला म्हणता येईना.

"आजारात भूक जायलाच हवी, डिमेलो. तुमची-माझीही जाते. तेवढं एक काम त्यांच्या मेंदूने बरोबर केलं."

शिवडीच्या सिमेट्रीत माती झाली. तिच्या डोक्याला टोपी असू द्यावी असं कालिंदीबाईंचं म्हणणं होतं. ते जरा विचित्र दिसलं असतं, म्हणून टोपी तिच्या हाताशी ठेवली.

आणि मग ताटं आली. नाताळात थांबवलेली, त्याआधी परत पाठवलेली, टोपलीतून काढून घेतलेली, सगळी जणू या दिवसाची वाट बघत कुठेतरी उभी होती. वाडीची माणसं एकेक करून यायची, टेबलावर ताट ठेवायची, कास्मीरच्या खांद्यावर हात ठेवायची आणि जायची. आता पाठवायला हरकत नाही, हे कुणी बोललं नाही; विचारण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं. टेबल भरलं, मग स्टुलं भरली, मग कपाटावर ताटं गेली. कपाट उघडंच होतं.

कास्मीर खुर्चीत बसून होता. त्याच्या डोक्यातल्या बदामाला काहीही झालेलं नव्हतं. तरी त्याला काल भूक लागली नव्हती, आज लागली नव्हती, आणि बाहेर वाडी उकाड्याने हैराण असताना त्याने अंगावर तिची शाल घेतली होती. कालिंदीबाई दुपारी आल्या तेव्हा एकाही ताटाचं झाकण उचललेलं नव्हतं. त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि दचकून सोडला.

"गार पडलाय हो हात. खाल्लंत कधी?"

"भूक नाही."

"भुकेला कोण विचारतंय?" कालिंदीबाईंचा आवाज फाटला. तरी त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "तुम्हीच सांगायचात ना तिला. घड्याळात बघा. किती वाजले?"

त्याने आज्ञाधारकपणे घड्याळात पाहिलं. हाताला पहिलं लागलं ते ताट घेऊन त्या समोर बसल्या. कुणीतरी फुगे करून पाठवले होते. नीट फुगले नव्हते, एका बाजूला कच्चे होते. त्यांनी एक तोडून त्याच्या तोंडाशी धरला. त्याने तोंड उघडलं. मग दुसरा. मग तिसरा. तो चावत होता आणि गिळत होता. कालिंदीबाई दर घासाला थांबून त्याच्या तोंडाकडे बघायच्या. पोट भरलं की माणूस एक शब्द म्हणतो, त्याची वाट बघत. त्याचे ओठ हलायचे, पण शब्द बाहेर यायचा नाही, आणि तोंड पुन्हा उघडायचं.

शेवटी ताट त्यांनीच बाजूला ओढलं.